आधी शिक्षकांनी लिहावं

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, शिक्षकांची लेखन कार्यशाळा तुझ्याकडे आली, याचा आनंद झाला. आराखडा वाचला. सकाळी लेखनकौशल्यावर व्याख्यान, मग पीपीटी, दुपारी गटकार्य, शेवटी मनोगतं. गटकार्य ठेव, बाकीचं काढून टाक. त्या दिवशी शिक्षकांनी कमी ऐकावं आणि जास्त लिहावं.

डी.एड. झाल्यापासून आपले बहुतेक शिक्षक टाचण, अहवाल आणि प्रपत्रं एवढंच लिहितात. मग मुलांच्या लेखनासाठी गाइडच उरतं: सूर्य उगवला नाही तर, शेतकऱ्याचे आत्मवृत्त. शेतकऱ्याच्याच घरातलं लेकरू गाइडातल्या शेतकऱ्याचं आत्मवृत्त पाठ करतं, याचं मला फार वाईट वाटतं. हे बदलायचं तर शिक्षकाला स्वतःचं काही लिहिल्याचा अनुभव हवा. अमेरिकेत जेम्स ग्रे यांनी १९७४ मध्ये बर्कलीला 'बे एरिया रायटिंग प्रोजेक्ट' सुरू केला, तो याच विश्वासावर. शिक्षक उन्हाळ्यात जमायचे, लिहायचे, एकमेकांना वाचून दाखवायचे आणि आपल्या वर्गात जे जमलं ते दुसऱ्या शिक्षकांना करून दाखवायचे. पुढे हे काम त्या देशभर पसरलं. आपल्याकडे दर महिन्याची केंद्र शिक्षण परिषद आहे, तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. याचा उपयोग कर.

पहिला तास लिहिण्याचा. विषय लहान दे. 'लहानपणी घरात होती आणि आता नाही अशी एक वस्तू' एवढं पुरे. कुणी जातं लिहील, कुणी कंदील, कुणी वडिलांचा कोयता. वेळ दहा मिनिटं. तूही लिही, टेबलांमधून फिरू नकोस आणि फोटो काढू देऊ नकोस. मग जोड्या कर. एकानं वाचायचं, ऐकणाऱ्यानं दोनच गोष्टी सांगायच्या: काय लक्षात राहिलं आणि आणखी काय ऐकावंसं वाटतं. 'छान लिहिलंय' एवढ्यावर सोडवू नकोस. सल्लाही नको. कुणाचा तरी आवाज दाटून येईल. दुष्काळ, कर्ज, अवेळी गेलेलं माणूस, आपल्या भागात हे घरोघर आहे. ज्याला वाचायचं नाही त्यानं वाचू नये. लेकराला विचारल्याशिवाय त्याची वही वर्गात मोठ्यानं वाचायची नाही, हे शिक्षकांना तेव्हाच सांग. त्या क्षणी ते त्यांना पटेल.

दुपारी त्यांच्यापुढे एका लेकराचं लेखन ठेव. समज, कापूस वेचायला गेलेल्या तिसरीतल्या पोरीनं लिहिलंय, 'मी आन माय पऱ्हाटी येचाय गेलते. तिथं साप निगाला.' बहुतेकांचा लाल पेन 'आन', 'येचाय', 'निगाला' यांच्याखाली रेघ ओढेल. तिथे थांबव आणि विचार, साप निघाल्यावर माय काय म्हणाली, हे तुम्हांला जाणून घ्यावंसं वाटलं नाही का? हाच प्रश्न त्या पोरीला विचारला तर ती आणखी चार ओळी लिहील. रेघा ओढल्या तर पुढच्या वेळी ती साप लिहिणारच नाही. माझ्या मते सगळ्या प्रशिक्षणात एवढी एक गोष्ट साधली तरी दिवस सार्थकी लागला.

शुद्धलेखन हवंच, पण मजकूर पुरा झाल्यावर आणि एका वेळी एकच नियम. या आठवड्यात शब्दाच्या शेवटची वेलांटी आणि उकार दीर्घ: पाटी, वाळू, माती. अपवाद म्हणून 'आणि' व 'नि' दाखवायचे, बस. मायच्या तोंडचं वाक्य मात्र मायच्याच बोलीत राहू द्यावं. देगलूरकडच्या लेकराच्या पहिल्या कच्च्या लेखनात तेलुगू शब्द येईल, उदगीरकडच्याच्या कन्नड, बंजारा तांड्यावरच्याच्या गोरमाटी. येऊ द्या.

तासिका कशी बसवायची, हे विचारतीलच. आठ-दहा मिनिटं छोटा पाठ, वीस मिनिटं लेखन, शेवटी दोन-तीन मुलांचं वाचन. 'आमची शाळा द्विशिक्षकी, चार वर्ग एकत्र' असं कुणी म्हणेल. अशा शाळेला तर हे जास्त सोयीचं. पहिलीतलं पोर चित्र काढून खाली दोन शब्द लिहील, चौथीतलं पानभर. डोनाल्ड ग्रेव्ह्ज या अमेरिकी अभ्यासकाचा आग्रह होता की आठवड्यातून निदान चार दिवस लिहावं. नेमानं लिहिणारं मूल वही मिटल्यावरही लिहिण्याचा विचार करत राहतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या गावांतले शिक्षक सांगतील, दिवाळीनंतर पटावरची कितीतरी लेकरं आईबापांबरोबर उसाच्या फडावर जातात. त्यांना जाताना एक वही द्यावी. तिथल्या कोपीत, म्हणजे झोपडीत, उजेड नसतो, धाकटं भावंड सांभाळायचं असतं, म्हणून वही कोरी परत आली तरी रागवायचं नाही. परतल्यावर मात्र त्यांना आवर्जून लिहितं करावं. मोळी कशी बांधतात, वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, कुठे विकतात, रात्री गाडी कशी भरतात, हे वर्गात फक्त त्यांनाच ठाऊक असतं आणि बाकीची मुलं ते कान देऊन ऐकतात.

शेवटची मनोगतं नकोत. प्रत्येकानं पुढच्या परिषदेला आपल्या वर्गातल्या पाच मुलांचं लेखन आणावं, लाल पेन न लावलेलं, असं ठरवून घे. तेव्हाचा पहिला तास त्यांच्यातल्याच एखाद्या बाईंना घेऊ दे. तू जोडीत बसून लिही. कोरे कागद आपल्याकडचे जास्तीचे ने, पुष्कळ जण आणत नाहीत. आराखडा नवा केलास की पाठव, मी लगेच वाचतो.

तुझे,
सर