फ्लोरिडाच्या शाळेत कृष्णवर्णीयांचा इतिहास: पालकांनी नेमकं काय विचारायचं?

"फ्लोरिडात हा इतिहास शिकवायला बंदीच आहे," असं समजून बरेच पालक गप्प बसतात. तसं नाही. १९९४ पासून तिथल्या कायद्यात, कलम १००३.४२ मध्ये, तो शिकवणं सक्तीचं आहे. पण २०२२ च्या कायद्याने वर्गात वंशभेदावर कसं बोलायचं याला बंधनं घातली. जानेवारी २०२३ मध्ये राज्याने आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाचा एपी कोर्स (हायस्कूलमध्ये शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा विषय) नाकारला. त्याच वर्षी जुलैत नव्या अभ्यासक्रमात, गुलामांनी शिकलेली कौशल्यं काही वेळा त्यांच्याच फायद्याची ठरली, अशा अर्थाचं वाक्य घातलं गेलं. शिक्षक धास्तावले आहेत ते यामुळे. त्यांच्यावर चिडू नका.

"हा इतिहास शिकवता का?" असं मोघम विचारलं तर "हो" एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी कलमाचा उल्लेख करून विचारा: हा भाग कोणत्या आठवड्यांत आहे, पुस्तकाची कुठली पानं, आणि ओकोई गावचं हत्याकांड त्यात येतं का? ओकोई ऑरलँडोला लागूनच आहे. २ नोव्हेंबर १९२० ला, मतदानाच्या दिवशी, मोझ नॉर्मन या कृष्णवर्णीय मतदाराला परत पाठवलं. रात्री गोऱ्या जमावाने वस्ती जाळली, जुलै पेरी नावाच्या कृष्णवर्णीय रहिवाशाला मारून लटकवलं. वाचलेली कुटुंबं गाव सोडून गेली.

ईमेल चार-पाच ओळींचा ठेवा. फ्लोरिडात सरकारी शाळेशी झालेला पत्रव्यवहार कुणीही मागवून वाचू शकतो, तेव्हा मुलाच्या खासगी गोष्टी त्यात नकोत. उत्तर नाहीच आलं, तर स्कूल बोर्डाच्या बैठकीत बोलण्यासाठी आधी नाव नोंदवा. दोन-तीन मिनिटंच मिळतात, म्हणून प्रश्न एकच न्या. व्हिसावर असलात तरी पालक म्हणून बोलता येतं. निवडणुकीत मतदान तेवढं करता येत नाही.

लायब्ररीतून पुस्तक गायब झालं असेल, तर हरकत कोणत्या कारणाने घेतली ते विचारा. लैंगिक मजकुराची हरकत असेल, तर २०२३ च्या कायद्याप्रमाणे ते शाळेच्या पाच दिवसांत काढावं लागतं आणि निकाल लागेपर्यंत बाहेरच राहतं. म्हणून निकालाची तारीखही विचारून घ्या.

घरी वाचायला लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर, १९३६ ते ३८ मध्ये नोंदवलेल्या, पूर्वी गुलाम असलेल्या माणसांच्या २,३०० हून अधिक आठवणी मोफत आहेत. लिहून घेणारे बहुतेक गोरे होते, त्यामुळे बोलणारे कुठे हातचं राखून बोलतात तेही मुलांना दाखवा. आधी स्वतः वाचा, एका बैठकीला एकच आठवण पुरे.

आणि सोबत महात्मा फुल्यांच्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका काढा. ती अमेरिकेत गुलामीविरुद्ध झटलेल्या लोकांना आहे. अमेरिकेत गुलामगिरी संपली १८६५ मध्ये. हे पुस्तक आलं १८७३ मध्ये, अवघ्या आठ वर्षांनी, पुण्यातून.