बटणाचे डोळे आणि ट्यूबलाइटची लुकलुक

प्रश्न : माझ्या मुलीने ‘कोरालाइन’ आधी वाचली, मग सिनेमा पाहिला. पुस्तकात वायबी नावाचा मुलगाच नाही, मग सिनेमात तो कुठून आला, असं ती विचारते. (गिरगाव)

उत्तर : मुलीचं वाचन पक्कं आहे. नील गेमन यांच्या 2002 च्या या कादंबरीत कोरालाइन नावाच्या मुलीला घरातल्या एका दारापलीकडे तसंच दुसरं घर सापडतं आणि तिथे बटणाच्या डोळ्यांची ‘दुसरी आई’ भेटते. कोरालाइन बहुतेक वेळ एकटी असते. तिच्या मनात काय चाललंय ते निवेदक सांगतो. हेन्री सेलिक यांच्या 2009 च्या स्टॉप-मोशन सिनेमात, म्हणजे बाहुल्या जराजरा हलवत एकेक फोटो काढून केलेल्या सिनेमात, ती सोय नव्हती. मनातलं ऐकवायचं तर एक तर मागून सतत आवाज हवा, नाहीतर बोलायला समोर कुणीतरी हवं. वायबी त्यासाठी आला. पण त्यामुळे गोष्टीतलं एकटेपण पातळ झालं. शेवटी दुसऱ्या आईच्या तुटलेल्या दुष्ट हाताचा बंदोबस्त पुस्तकात ती एकटी, डोकं लढवून करते. सिनेमात वायबी मदतीला धावतो. इथे कादंबरीच सरस, असं आमचं स्पष्ट मत.

घराच्या बाबतीत मात्र सिनेमाने बाजी मारली. खऱ्या घराच्या खोल्या मुद्दाम उथळ, चपट्या बांधल्या आणि दारापलीकडच्या जगात त्याच खोल्या खोल, ऐसपैस केल्या. दोन्ही स्वयंपाकघरांची दृश्यं थांबवून एकापाठोपाठ दाखवा. ते दुसरं घर मोह का पाडतं, हे मुलीला न सांगता कळेल.

प्रश्न : सातवीतल्या मुलाने ‘कोरालाइन’सारखी बाहुली करून मोबाइलवर तशीच स्टॉप-मोशन फिल्म सुरू केली. चित्र सारखं लुकलुकतं आणि बाहुली पडते. माती गणपतीच्या कारखान्यातून आणलेली शाडूची आहे. (लालबाग)

उत्तर : आधी माती बदला. शाडू मूर्तीसाठी उत्तम, पण ती वाळते आणि हात वाकवला की कोपरात तडकते. तेलावर मळलेली, न वाळणारी क्ले घ्या. मे महिन्यात तीही लिबलिबीत होते. दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली की पुन्हा कामाची.

आत सांगाडा हवाच. 15 सें.मी.च्या बाहुलीला दीड मि.मी. जाडीची अॅल्युमिनियमची तार दुपदरी पिळून घ्या. बांधकामाची लोखंडी तार नको, ती वाकवली तरी मागे उसळते. डोकं भरीव मातीचं केलं तर बाहुली पडणारच. कागदाच्या बोळ्यावर क्लेचा पातळ थर द्या. जमिनीसाठी सॉफ्टबोर्ड वापरा आणि टेकलेल्या पावलातून टाचणी खाली रोवा. मोठ्या स्टुडिओत हेच काम पावलात खालून बसवलेला स्क्रू करतो.

लुकलुक दोन कारणांनी होते. एक, मोबाइल प्रत्येक फोटोला उजेड नव्याने मोजतो. म्हणून पडद्यावर बोट दाबून धरा आणि फोकस, उजेड दोन्ही लॉक करा. पांढऱ्या रंगाची सेटिंगही ऑटोवर नको. दुसरं कारण विजेचं. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होते. स्वस्त एलईडीचंही पुष्कळदा तेच. शटर 1/50 किंवा 1/25 सेकंदावर ठेवलं की प्रत्येक फोटोत पूर्ण आवर्तनं येतात आणि उजेड सारखा पडतो. खिडकीचा पडदा ओढा, कारण ढग सरकला की तेही चित्रात दिसतं. मुलाला गडद शर्ट घालू द्या; पांढऱ्या शर्टावरचा उजेड बाहुलीवर पडतो. पंखा बंद, मोबाइल स्टँडवर घट्ट आणि फोटो इअरफोनच्या बटणावरून.

सेकंदाला 12 फोटो पुरतात, म्हणजे दहा सेकंदांना 120. हात उचलताना पहिले दोन-तीन फोटो जेमतेम दोन मि.मी. सरकवा, मध्ये पाच-सहा, थांबताना पुन्हा दोन. सगळीकडे सारखंच अंतर ठेवलं तर हात यंत्रासारखा हलतो. बहुतेक मुलं इथेच घाई करतात.

बोलायला लावायचं असेल तर कागदाची चार तोंडं कापा: मिटलेलं, ‘आ’, ‘ई’ आणि ‘ओ’. प, फ, ब, भ, म आलं की मिटलेलं लावायचं. चिकटवायला तांदळाएवढी क्ले पुरे. फेव्हिकॉल लावला तर तोंड काढताना चेहरा उचकटतो. ‘कोरालाइन’मध्येही चेहरे असेच बदलले आहेत, फक्त तिथे ते थ्रीडी प्रिंटरवर छापले होते.

प्रश्न : धाकटा सहा वर्षांचा आहे. त्याला ‘कोरालाइन’ सिनेमा दाखवावा का? (बोरिवली)

उत्तर : इतक्यात नको. 2023 च्या कायदादुरुस्तीनंतर सेन्सॉर बोर्डाच्या यूए प्रमाणपत्रात 7+, 13+ आणि 16+ असे टप्पे आले, पण ती पालकांसाठी सूचना आहे, निर्णय तुमचाच. या सिनेमात रक्तपात नाही, भीती आहे ती आईचाच चेहरा परका होण्याची, आणि सहाव्या वर्षी तीच सगळ्यात खोल जाते. आठ-नऊ वर्षांचा झाला की दाखवा, दुपारी, शेजारी बसून. डोळ्यांच्या जागी बटणं शिवण्याची गोष्ट निघते तो प्रसंग आधीच सांगून ठेवा.