घरच्या सोलं-आगळाची जाहिरात कशी लिहावी?

तुम्ही लिहिलंय की डिचोलीत घरी सोलं (कोकमाच्या वाळवलेल्या साली) आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) करून विकते, खाल्लेल्यांना आवडतं, पण व्हॉट्सॲपवरच्या जाहिरातीला कोणी उत्तर देत नाही. मजकूर असा: ‘अस्सल गोमंतकीय चव! शुद्ध, घरगुती, उत्तम दर्जा.’

ताई, मी फोंड्यात छपाईचं काम करतो, लेबलं आणि पत्रकं रोजची. हेच शब्द मी लोणच्याला, पापडांना, मसाल्यांनाही छापून दिलेत. त्यातून तुमच्या सोलांबद्दल वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

लिहायला बसण्याआधी आठवडाभर गिऱ्हाईक काय विचारतं ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरवा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी करणारी बाई ‘शुद्ध आहे का’ असं विचारत नाही. ती विचारते, ‘सोलां औंदूचीं?’, म्हणजे यंदाची का. मग एक सोल चिमटीत दाबून बघते, कारण ओलसर राहिलं तर पावसात बुरशी येते. तिच्यासाठी एवढंच लिहा (भिंडं म्हणजे कोकमाची फळं, हे तिला सांगावं लागत नाही): ‘औंदूच्या भिंडांची सोलं. रसाची पुटं देऊन कडक उन्हात वाळवलेली.’ किती पुटं दिलीत तो आकडाही घाला, खरा असेल तोच. आणि हा संदेश मे महिन्यात जायला हवा. मिरग लागल्यावर पुरुमेंत घरात आलेलं असतं.

पुण्या-मुंबईच्या माणसाला मात्र वेगळा मजकूर लागतो. तो ‘सोलं’ म्हणत नाही, ‘आमसुलं’ म्हणतो. आगळ आणि सरबत यांतला फरकही अनेकांना माहीत नसतो. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या बाटलीवर मी नुसतं ‘कोकम आगळ’ छापलं होतं. पुण्याच्या एका बाईंनी त्यात साखर-पाणी घालून पाहुण्यांना दिलं आणि ‘माल खारट, फसवलंत’ असा फोन केला. माल चांगलाच होता, लेबल अपुरं होतं, आणि ते मी केलेलं. पुढच्या खेपेला आम्ही ठळक छापलं: ‘यात मीठ आहे, साखर नाही. हे सरबत नव्हे. सोलकढीसाठी वाटीभर नारळाच्या दुधात दोन चमचे, वरून मीठ घालू नका.’ अनोळखी माणसाला हा मजकूर दहा विशेषणांपेक्षा जास्त उपयोगी पडतो, कारण त्याला घरी गेल्यावर काय करायचं ते कळतं.

‘पित्त बरं होतं’, ‘वजन घटतं’ असं काही लिहू नका, शेजारचा विक्रेता लिहीत असला तरी. अन्नपदार्थाने रोग बरा होतो असा दावा एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०१८ च्या जाहिरात व दाव्यांच्या नियमांत बसत नाही. ‘जेवणानंतर आमच्या घरी सोलकढी असतेच’ हे खरं आहे ना? मग तेच लिहा. लेबलावर वजन, पॅकिंगची तारीख आणि एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर हवाच.

आणि ‘दरासाठी मेसेज करा’ काढून टाका. दर विचारून मग नको म्हणायला माणूस संकोचतो, म्हणून विचारतच नाही. पाव किलोचा, अर्ध्या किलोचा आणि आगळाच्या बाटलीचा दर पहिल्या चार ओळींत सरळ लिहा, घरी कोणत्या वेळेत मिळेल तेही.