सुपर मारिओ आरपीजीमधील मिडास नदीत पुन्हा पुन्हा उतरणे फायद्याचे आहे का, आणि पिंपांवरच्या उड्या का चुकतात?

आपण विचारले आहे की सुपर मारिओ आरपीजी या व्हिडिओ गेममधील मिडास नदीत धबधब्यातून खाली येताना हाती फारशी नाणी लागत नाहीत, पिंपांवर उड्या मारताना अंदाज चुकतो, आणि एवढे करून या नदीत परत येण्यात काही अर्थ आहे का. माझे मत असे की परत येण्यात अर्थ आहे, पण केवळ बेडूक-नाण्यांसाठी, म्हणजे खेळातील काही खास दुकानांत चालणाऱ्या वेगळ्या नाण्यांसाठी. आणि आपण जी मेहनत पिंपांवर घेत आहात ती धबधब्यात घेतली तर फरक लगेच जाणवेल.

आधीच्या केरो गटारांमध्ये बेलोम या राक्षसाला हरवल्यावर पाण्याचा लोंढा सुटतो आणि मारिओ व त्याचा सोबती मॅलो वाहत थेट या नदीत येऊन पडतात, त्यामुळे बहुतेक खेळाडू पहिल्या फेरीत गोंधळलेले असतात आणि पाणी नेईल तसे खाली जातात. धबधब्यात मात्र पोहण्याचे बटण दाबत राहिले की पडण्याचा वेग कमी होतो आणि डावीकडे-उजवीकडे सरकायला वेळ मिळतो. कड्यात जागोजागी गुहांची तोंडे आहेत. त्यांत शिरावे, कारण त्या वाटांनी गेल्यास सरळ खाली पडणाऱ्याच्या हाती न येणारी नाणी मिळतात. माझा भाचा हा टप्पा शर्यत समजून खेळतो आणि प्रत्येक वेळी रिकाम्या हाताने तळाशी पोहोचतो. वास्तविक येथे घड्याळ आपल्या मागे लागलेले नसते, तेव्हा जितका वेळ आपण पाण्यात तग धरू तितकी कमाई अधिक.

धबधब्यानंतर पिंपावर उभे राहून नदी उतरायची असते. या पिंपांच्या टप्प्यात अडचण आपल्या बोटांची कमी आणि चित्राच्या मांडणीची जास्त आहे. मूळ खेळ स्क्वेअर या कंपनीने निन्टेंडोसाठी घडवला आणि तो 1996 मध्ये सुपर निन्टेंडोवर आला. त्यात सारे जग तिरप्या कोनातून दाखवलेले आहे, म्हणून समोरचे नाणे नेमके किती उंच आणि किती दूर आहे हे डोळ्यांना चटकन उमगत नाही. अशा वेळी प्रत्येक नाण्यामागे उडी घेण्याचा मोह आवरावा. आधी नाण्यांची रांग कोणत्या तिरप्या रेषेत येत आहे ते पाहावे, पिंप त्या रेषेत आणावे, आणि मगच उडी मारावी. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये निन्टेंडोच्या स्विच या यंत्रासाठी आलेल्या नव्या आवृत्तीतही मांडणी तीच ठेवली आहे, त्यामुळे ही सवय दोन्हीकडे उपयोगी पडते. (आमच्या गावात भारनियमन सुरू झाले की हातात धरून खेळता येणाऱ्या यंत्राची खरी किंमत कळते, हे जाता जाता सांगतो. वैनगंगेत डोंगा चालवणाऱ्यांना पिंपावर उभे राहून नदी उतरणारा मारिओ दाखवला तर ते काय म्हणतील, याचीही मला उत्सुकता आहे.)

शेवटी जमवलेली साधी नाणी देऊन बेडूक-नाणी घेता येतात, आणि परत येण्याचे खरे कारण हेच आहे. मूळ खेळात साधी नाणी 999 च्या वर साठत नाहीत, तेव्हा थैली भरलेली असताना ती तशीच बाळगण्यात काही लाभ नाही. पुन्हा नदीत उतरण्यासाठी थोडी नाणी मोजावी लागतात. पण गुहांचा नीट वापर केला तर तो खर्च सहज भरून निघतो.

हे ठिकाण नुसते करमणुकीसाठी मध्येच घातलेले नाही, हे मला विशेष आवडते. मॅलो ज्या बेडूक-आजोबांकडे वाढला ते पुढच्याच टॅडपोल तळ्यात राहतात, त्यांच्यासाठी खाऊ आणायला निघालेल्या मॅलोचे नाणे क्रोको या चोराने चोरले होते, आणि ही नदी त्याला घरी पोहोचवते. स्क्वेअरच्याच 1994 च्या फायनल फँटसी 6 या खेळामध्ये लीथी नदीवर तराफ्याने जावे लागते, पण तेथे सगळा भर लढायांवर असून सोबतचा बंडखोरांचा नेता बॅनन पडला की खेळच संपतो. मिडास नदीत तसा धाक नाही, म्हणून चुकत चुकत शिकायला ती चांगली आहे.

नदीत नाणी का, याचेही उत्तर आहे. ग्रीक कथेत राजा मिडास आपला सोनेरी स्पर्श पॅक्टोलस नदीत धुऊन टाकतो आणि तिच्या वाळूत सोने उतरते. ही नदी आजच्या तुर्कस्तानातील प्राचीन लिडियातून वाहते आणि जगातील सर्वांत जुन्या नाण्यांपैकी काही त्याच लिडियात पाडली गेली. आमच्या वैनगंगा खोऱ्यातही सोनझारी समाजाची माणसे वाळू धुऊन सोन्याचे कण वेगळे काढत, त्यामुळे ही कल्पना मला परकी वाटली नाही.

आपल्यासाठी माझा सल्ला असा: आत्ता एक-दोन फेऱ्या करून तळ्याकडे निघावे आणि कथा पुढे न्यावी. सीसाइड टाउनमधील बेडूक-नाण्यांच्या दुकानात अनुभवाचे गुण दुप्पट करणारा एक्स्प. बूस्टर मिळतो; तेथे पोहोचल्यावर बेडूक-नाणी कमी पडली, तर नकाशावरून या नदीवर परत यावे.