टाकी वीस वर्षांत भरली नाही, हे शुभलक्षण नव्हे

एप्रिल-मे म्हणजे घराचं सांडपाणी आणि नळजोडणी तपासून घेण्याचे महिने. या वेळचे निवडक प्रश्न त्याच विषयावरचे आहेत.

प्रश्न : वीस वर्षांपूर्वी घर बांधताना सेप्टिक टँक केली. आजवर एकदाही उपसली नाही. ना कधी वास आला, ना तुंबली. गवंडी म्हणतात, चांगली चाललीय, हात लावू नका. तरी उपसावी का? (चिपळूण)

उपसावी, आणि पाऊस लागायच्या आत उपसावी.

सेप्टिक टँक हळूहळू भरत जाते हा समजच चुकीचा आहे. पाणी सुरुवातीलाच बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडापर्यंत येतं आणि पुढे कायम तिथंच राहतं. जेवढं आत येतं तेवढं बाहेर जातं. वाढत जातो तो तळाचा गाळ आणि वर तरंगणारा मळीचा थर. या दोन्हींमधली पाण्याची जागा कमी झाली की मैल्याला खाली बसायला उसंत मिळत नाही आणि तो तसाच शोषखड्ड्यात, म्हणजे टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात, जातो. घरात काहीच कळत नाही. आधी शोषखड्डा चोंदतो. तुमच्याकडच्या जांभ्यात भेगा आणि पोकळ्या असतात, त्यामुळे हे पाणी विहिरीपर्यंतही पोचू शकतं. विहीर आणि शोषखड्डा यांत निदान 18 मीटर अंतर हवं असं भारतीय मानक (आयएस 2470) सांगतं. जांभ्यात तेवढंही पुरेलच असं नाही.

दुसरी शक्यता याहून वाईट. टाकीच्या तळाला काँक्रीटच नसेल, किंवा ते तडकलं असेल, तर सगळं थेट जमिनीत मुरत असतं. झाकण उघडल्यावर पाण्याची पातळी बाहेरच्या पाइपाच्या तोंडापेक्षा बरीच खाली दिसली, तर टाकी गळते आहे असं समजा.

गाळ मोजायला यंत्र लागत नाही. दोन्ही झाकणं उघडून अर्धा तास लांब थांबा. जवळपास विडी-काडी नको, कारण आत मिथेन असतो. वाकून डोकं आत घालू नका. लांब बांबूच्या टोकाकडच्या तीन-चार फुटांवर जुनं पांढरं कापड गुंडाळून सुतळीनं घट्ट बांधा. बाहेरच्या पाइपाच्या बाजूनं बांबू सावकाश तळापर्यंत सोडा, पाचेक मिनिटं तसाच धरा आणि सरळ वर काढा. टोकापासून जिथवर काळा, चिकट गाळ कापडाच्या विणीत बसलेला दिसेल तेवढी त्याची जाडी. त्याच्या वर कापड नुसतंच करडं, ओलं दिसतं. गाळ आणि वरचा थर मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश झाले की मैला उपसणारी गाडी बोलवा. निम्म्यापर्यंत गेले असतील तर उशीर झालाय. पाच माणसांच्या घरासाठी मानकात दिलेली टाकी 1.5 मीटर लांब, 0.75 मीटर रुंद आणि 1 मीटर पाण्याची, म्हणजे 1,125 लिटरची असते. एवढ्या टाकीला दोन वर्षांनी उपसा लागतो. तुमची मोठी असेल तर तीन वर्षं धरा, पण बांबू दरवर्षी घाला.

उपसताना टाकी धुऊन चकाचक करू नका. तळाशी इंचभर गाळ राहू द्या, पुढच्या जिवाणूंना तेच विरजण. टाकी रिकामी असतानाच टॉर्च मारून आतल्या दोन्ही ‘टी’ (आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपांना बसवलेले T आकाराचे तुकडे) बघून घ्या. बाहेरच्या बाजूची ‘टी’ तुटली असेल तर वरची मळी सरळ शोषखड्ड्यात जाते, आणि हा बिघाड बाहेरून कधीच दिसत नाही. काम संपलं की टाकीत साधं पाणी भरा. टाकी फायबरची असेल तर हे विसरू नका. भर पावसात भूजल वर आलेलं असताना रिकामी फायबरची टाकी जमिनीतून उचलली जाते आणि जोडलेले पाइप मोडतात.

प्रश्न : गाडी मिळायला आठवडा लागतो. एक मजूर बादलीनं उपसून द्यायला तयार आहे. चालेल का? (मालेगाव)

नाही. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याचं प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं, त्यामुळे आत उतरलेल्या माणसाला धोका कळत नाही. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथंच पडतो. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं हातानं मैला उपसण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि काम सांगणारा घरमालक त्यातून सुटत नाही. आठवडाभर थांबा, तोवर पाणी जपून वापरा. वाई आणि सिन्नर नगरपालिकांनी तर घरोघरच्या टाक्या दर तीन वर्षांनी ठरवून उपसण्याची पद्धत सुरू केली. आपल्या नगरपालिकेकडे तशी मागणी करायला हरकत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात फ्लश केलेलं पाणी उतरत नाही, अंगणात शोषखड्डा ओसंडतो. प्लंबर म्हणतो लाइन चोकअप आहे. दरवर्षी पैसे जातात. (परभणी)

प्लंबरला बोलवण्याआधी दोन झाकणं उघडा. घराजवळचं चेंबर तुडुंब आणि टाकीतली पातळी नेहमीची, तर चोकअप मधल्या पाइपात. टाकीतलं पाणी बाहेरच्या पाइपाच्या वर चढलेलं असेल, तर लाइन कितीही साफ करा, उपयोग नाही. खड्डा पाणी घेत नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून दुसरं कारण वाटतं.

तुमच्याकडची काळी माती भिजली की फुगते आणि पाणी मुरायची वाट बंद होते. आधी खड्ड्यात येणारं पाणी कमी करा. छताचं आणि अंगणाचं पाणी दुसरीकडे वळवा. न्हाणीचं, कपड्यांचं आणि भांड्यांचं पाणी टाकीत जात असेल तर वेगळी लाइन काढून केळी-कर्दळीकडे सोडा. मग फ्लश तपासा. फ्लशच्या टाकीत थोडी हळद कालवा आणि फ्लश न करता पंधरा मिनिटं थांबा. भांड्यात पिवळं पाणी उतरलं तर वॉशर गेलाय. मिनिटाला 100 मिलिलिटरची बारीक धार दिवसाला 144 लिटर होते, आणि ते सगळं त्या बिचाऱ्या खड्ड्यातच जातं. एवढं करूनही भागलं नाही तर दुसरा शोषखड्डा काढून दोन्ही आलटून पालटून वापरा. जुन्याला काही महिने विश्रांती मिळाली की तो पुन्हा थोडंफार पाणी घेऊ लागतो.

प्रश्न : जिवाणूंची पावडर टाकली की टाकी उपसावी लागत नाही, हे खरं का? (सांगली)

नाही. लागणारे जिवाणू मैल्याबरोबर येतातच, आणि वाळू, राख, न कुजणारा गाळ कोणतीच पावडर खात नाही. ॲसिड बाटल्यांनी ओतू नका, सॅनिटरी पॅड आणि ओले वाइप्स टाकू नका, तेल सिंकमध्ये सोडू नका. पावडरीचे पैसे उपशाला ठेवा.

प्रश्न : बोअरचं पाणी जड आहे. गीझर आणि वरची टाकी यांची वर्षाला काय काळजी घ्यावी? (सोलापूर)

गीझर वर्षातून एकदा मेकॅनिककडून उघडून घ्या. एमसीबी बंद, पाण्याचा कॉक बंद, टाकी रिकामी, मग फ्लँज (एलिमेंट बसवलेलं झाकण) काढून एलिमेंटवरचा क्षार साफ करायचा. नुसता एलिमेंट बघून झाकण लावू देऊ नका, मॅग्नेशियमचा ॲनोड रॉडही बघायला सांगा. टाकीच्या पत्र्याऐवजी हा रॉड झिजतो. निम्म्याहून जास्त झिजला असेल तर बदला, नाहीतर गंज टाकीला लागतो. गॅस्केट नवीनच बसवा. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडले तर घाबरू नका, तापलेलं पाणी प्रसरण पावतं. तो व्हॉल्व्ह मात्र कधी बुजवू नका. गीझर फुटण्याचं ते कारण ठरू शकतं. थर्मोस्टॅट 50 ते 55 अंशांवर ठेवला तर क्षारही कमी जमतो.

वरची टाकी रिकामी करून ब्रशनं घासा, गाळ ड्रेन कॉकमधून काढा. मग भरून 1,000 लिटरला 200 ग्रॅम टीसीएल (25 टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर) बादलीत कालवून, निवळी टाका. चोथा नको, तो पाइपात बसतो. सगळे नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, सहा तास तसंच ठेवा आणि सगळं पाणी बाहेर काढून द्या, पण सेप्टिक टँककडे नाही. हे पाणी पिऊ नये. रोजच्या शुद्धीकरणाला 1,000 लिटरला 5 ग्रॅम पुरतं. टीसीएल आणि संडासचं ॲसिड एकत्र येऊ देऊ नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. त्याच दिवशी घरातले सगळे व्हॉल्व्ह एकदा पूर्ण बंद-चालू करा, क्षारानं जाम झालेला व्हॉल्व्ह पाइप फुटल्यावर फिरत नाही.

प्रश्न : बंद ठेवलेल्या फ्लॅटमध्ये महिन्याभरानं गेलो की गटाराचा वास येतो. (पुणे)

नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखालच्या वाकड्या भागात साचून गटाराचा वायू अडवणारं पाणी सुकतं आणि वायू वर येतो. प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता. पुन्हा बरेच दिवस जाणार नसाल तर त्यावर चमचाभर गोडं तेल सोडा, पाणी उडून जायला वेळ लागतो.