वीस सेकंदांची सहा वर्षं

लातूर

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. ५००० मीटरला चार महिन्यांपासून २१ मिनिटांच्या खाली उतरत नाहीस आणि आता गजर वाजला तरी उठू वाटत नाही, असं लिहिलंयस. सोबत सरावाचा कागद जोडलास ते बरं केलंस, दुखणं त्यातच सापडलं. सोमवार ते रविवार तेच सहा किलोमीटर, आणि रोज जीव तोडून. अगं, अशानं उठू वाटेल तरी कसं? तू आळशी झालेली नाहीस, तुझे पाय थकलेत.

आठवड्यातले चार दिवस हळू पळ. हळू म्हणजे, सोबतच्या मैत्रिणीला काल काय काय घडलं ते न धापता सांगता आलं पाहिजे. मुकुंदराजांच्या समाधीकडच्या रस्त्याला चढ लागला तर खुशाल चालत जा. दूध घालायला निघालेले लोक "दमली का गं?" म्हणतील, म्हणू दे. या संथ पळण्यातच हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं. या कामाला महिने लागतात आणि ते चालू असताना बाहेरून काही दिसत नाही. त्याच काळात बहुतेक पोरं पळणं सोडतात.

एक दिवस वेगाचा ठेव. हजार मीटर पाच वेळा, प्रत्येकी चार मिनिटं पाच सेकंदांच्या आसपास, मध्ये तीन मिनिटं हळू जॉगिंग. पहिला आणि पाचवा फेरा सारख्याच वेळेत आला पाहिजे. पहिल्यालाच सुसाट सुटलीस तर सराव वाया गेला असं समज. एक दिवस लांब, दहा-बारा किलोमीटर, तोही हळूच. आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. त्या दिवशी अपराधी वाटून घ्यायचं नाही.

दम लवकर वाढतो, हाडं मागे राहतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुझ्या वयात माझी नडगी तीन आठवडे ठणकत होती, तरी मी पट्टी बांधून पळत राहिले. हाडाला बारीक तडा निघाला आणि पाच महिने घरी बसले. नडगीवर बोट दाबून एकाच जागी दुखत असेल तर त्याच दिवशी थांब.

आता जे कुणी आपल्याशी मोकळेपणी बोलत नाही ते. हिमोग्लोबिन तपासून घे. रक्त कमी असेल तर कितीही सराव कर, घड्याळ हलणार नाही. भाकरी, पालेभाजी, मोड आलेली मटकी खा, वर लिंबू पिळ, आणि जेवणावर लगेच चहा नको. पाळी दोन-तीन महिने चुकली तर पळण्यानं असं होतंच म्हणून सोडून देऊ नकोस, डॉक्टरांकडे जा. पळण्याच्या मानानं खाणं कमी पडलं की असं होतं आणि हाडं ठिसूळ होतात.

उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत घरी परत ये. एप्रिल-मेमध्ये वेळ वाढली तर ती उन्हाची, तुझी नाही.

आपल्याच बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे बघ. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्यानं ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत, ८ मिनिटं २९.८० सेकंदांत पळून ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२४ मध्ये पॅरिसला डायमंड लीग या जगातल्या आघाडीच्या खेळाडूंच्या स्पर्धेत त्याची वेळ होती ८ मिनिटं ०९.९१. म्हणजे वीस सेकंद कमी करायला सहा वर्षं. मधल्या काळात त्यानं स्वतःचाच विक्रम कितीदा मोडला, कधी कधी अगदी थोड्या फरकानं. तुझे चार महिने या हिशेबात मांडून बघ.

एक वही कर. किती पळलीस, झोप किती झाली, पाय कसे होते, एवढंच रोज लिही. वेळ फक्त वेगाच्या दिवशी लिहायची.

येत्या रविवारी मी अंबाजोगाईला येतेय. पहाटे साडेपाचला योगेश्वरीच्या देवळापाशी भेट. बारा किलोमीटर सोबत पळू. घड्याळ घरी ठेवून ये.

तुझी,
ताई