फिलिपिन्सचा राष्ट्रनायक लेखक होसे रिझाल याच्यावर लहानपणी घरातल्या कोणाचा जास्त प्रभाव पडला?

आईचा तर होताच, पण माझ्या मते मोठ्या भावाचा जास्त. रिझालचा जन्म 1861 चा, लागुना प्रांतातल्या कालाम्बा गावचा, 11 भावंडांत सातवा. आई तेओदोरा चांगली शिकलेली, अक्षरओळख, वाचन, कवितेची गोडी सगळं तिनेच लावलं, आणि तिलाच पुढे विष घालण्याच्या खोट्या आरोपात अडकवून सांताक्रूझपर्यंत पायी चालवत नेलं न् अडीच वर्षं तुरुंगात ठेवलं, पोराच्या डोक्यात स्पॅनिश राजवटीबद्दल राग बसणारच ना. भाऊ पासियानो दहा वर्षांनी मोठा, बंडाच्या आरोपावरून 1872 मध्ये स्पॅनिशांनी देहदंड दिलेल्या फादर बुर्गोस या फिलिपिनो धर्मगुरूच्या जवळचा माणूस. संशय नको म्हणून होसेला मेर्काडोऐवजी रिझाल आडनाव लावायला त्यानेच सांगितलं, आणि युरोपातल्या शिक्षणाला पैसेही तोच पाठवायचा. वडिलांबद्दल मात्र लोक फारसं बोलत नाहीत.